गुलाबपाणी, ओवा, गवती चहा: घरच्या अर्कासाठी छोटं यंत्र कसं निवडावं

ऑनलाइन दुकानात ‘होम डिस्टिलर’ शोधलं की तांब्याची चकचकीत, लांब वाकड्या मानेची भांडी दिसतात. शेजारी स्टीलचे उंच डबे असतात, त्यांच्यावर थर्मामीटर, दोन-तीन नळ्या आणि एक पंप. नवखा माणूस भांड्याकडे बघतो. बघायला हवं नळीकडे आणि थंड पाण्याच्या सोयीकडे. पानं-फुलं पाण्याबरोबर उकळायची आणि सुगंध घेऊन निघालेली वाफ थंड करून बाटलीत धरायची, यालाच अर्क गाळणं म्हणतात. पाणी उकळणं कुठल्याही पातेल्याला जमतं. वाफेचं परत पाणी करणं हे खरं काम, आणि घरचे प्रयोग बहुतेक तिथेच फसतात. म्हणून या लेखात भांड्यापेक्षा थंडाव्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी कायदा

हा लेख गुलाबपाणी, ओव्याचा अर्क, गवती चहाचं तेल, वाळा यांच्याबद्दल आहे. दारूबद्दल नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहेच, पण दारू गाळण्यासाठी यंत्र, भांडी किंवा सामान जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. ‘घरच्यापुरती, थोडीशी’ अशी सवलत त्यात नाही. गोव्यात काजूच्या भट्ट्या चालतात त्याही परवान्यावर. न्यूझीलंडने १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मोकळीक दिली आहे आणि इंटरनेटवरचे कितीतरी व्हिडिओ तिथले असतात. ते बघून इथे कुणी काही करायला जाऊ नये. आंबवलेलं काहीही, मग तो गूळ असो, फळांचा रस असो की मोहाची फुलं, या यंत्रात घालायचं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मद्यार्काची वाफ गॅसच्या ज्योतीशी पेट घेते, आणि स्वयंपाकघर ही त्याची जागा नव्हे.

दारूच्या वाटेला न जाण्याचा खरेदीतही फायदा होतो. ज्या यंत्रांवर उंच स्तंभ, आत भरायच्या जाळ्या आणि दोन-दोन थर्मामीटर असतात, ती मद्यार्क आणि पाणी वेगळं करण्यासाठी घडवलेली असतात. अर्काला त्यातलं काहीच लागत नाही. गवती चहाला त्याचा वास देणारं सिट्रल एकटं उकळायचं तर २२० अंश सेल्सिअसच्याही वर तापवावं लागतं. पाण्याच्या सोबतीने मात्र ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खालीच वाफेबरोबर निघतं, कारण दोघांच्या वाफेचे दाब मिळून बाहेरच्या हवेच्या दाबाइतके झाले की उकळी फुटते. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या. थर्मामीटरचा काटा तिथे पोचतो आणि शेवटपर्यंत हलत नाही. त्यासाठी पैसे मोजू नका.

पायरी १: काय गाळणार ते ठरवा

यंत्राचा आकार, धातू, वेळ, सगळं यावर ठरतं. सुरुवातीला गवती चहा घ्या, असं मी डोळे मिटून सांगेन. परसात असतो, फवारलेला नसतो, आणि चुका पोटात घालतो. एक किलो ताज्या पातीतून साधारण ३ ते ५ मिलिलिटर तेल निघतं. दीड-दोन तासांत काम होतं आणि तेल पाण्यावर पिवळसर थराने तरंगताना डोळ्यांना दिसतं. पहिल्या प्रयोगात काहीतरी दिसणं फार महत्त्वाचं असतं.

ओवा दुसरा. दाण्यात २ ते ४ टक्के तेल असतं, म्हणजे पाव किलोत ५ ते १० मिलिलिटर. दाणे जाडसर भरडून घ्यायचे, अख्खे घातले तर तेल आतच राहतं. या तेलातला मुख्य भाग थायमॉल, म्हणजेच ओव्याचं फूल. कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर अमृतधारेत पडतं तेच.

गुलाबाचं गणित वेगळं. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तुमच्या एका किलो पाकळ्यांतून पाव ग्रॅमभर तेल आलं, तर ते अर्कातच विरघळून जाईल. तेव्हा गुलाबाकडून तेलाची अपेक्षा धरायची नाही, गुलाबपाणी मात्र अप्रतिम येतं. फुलं गावठी हवीत. मावळातल्या पॉलिहाऊसमधले लांब देठाचे डच गुलाब दिसायला देखणे, पण त्यांना वास जवळजवळ नसतो आणि फवारणी भरपूर असते. फुलं सकाळी, ऊन चढायच्या आत तोडलेली असावीत.

मोगरा आणि सोनचाफा यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. उकळत्या पाण्यात त्यांचा वास बदलतो, आणि हाती येतं ते शिजवलेल्या फुलांचं पाणी. वाळ्याला धीर लागतो. सुक्या मुळ्यांतून तेल यायला बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त विस्तव चालू ठेवावा लागतो. नुसता वाळ्याचा सुगंधी अर्क हवा असेल तर तीन-चार तासांत भागतं.

पायरी २: काही विकत घेण्याआधी पातेल्यावर करून बघा

स्टीलचं मोठं पातेलं घ्या. तळाशी एक छोटी तिवई किंवा उलटी वाटी, तिच्यावर स्टीलचा वाडगा. भोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी. वर झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ आत वाडग्याच्या बरोबर वर येईल. झाकणावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते, थेंब मुठीकडे सरकतात आणि वाडग्यात पडतात.

हा खेळ एकदा करावाच, कारण त्यातून थंडाव्याची किंमत कळते. एक लिटर अर्क थंड करायला साधारण अडीच हजार किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळून कोमट होईपर्यंत साडेचारशेच्या आसपास घेतो. म्हणजे एका लिटर अर्काला पाच किलोंहून जास्त बर्फ. फ्रीजमधल्या एका ट्रेमध्ये पाव किलो बर्फ मावत असेल, तर त्यावर पन्नासएक मिलिलिटर अर्क मिळणार. एवढ्यावर भागत असेल तर यंत्र घेऊच नका. चेहऱ्यापुरतं गुलाबपाणी करणाऱ्या पुष्कळ जणांचं भागतं.

पायरी ३: बादलीचा हिशेब करा

आता यंत्राकडे. वाफ ज्या नळीत थंड होते तिला कंडेन्सर म्हणतात. घरच्या यंत्रांत तो दोन प्रकारचा असतो. एक सरळ: आतल्या नळीभोवती बाहेरची नळी आणि दोघींच्या मधून वाहतं पाणी. दुसरा वेटोळ्यांचा: नळीची गुंडाळी पाण्याच्या डब्यात किंवा बादलीत बुडवलेली.

सरळ कंडेन्सरला वाहतं पाणी लागतं. नळाला जोडून पाणी मोरीत सोडलं तर एका लिटर अर्कामागे तीसेक लिटर पाणी वाया जातं. पाणी २० अंशांनी तापू दिलं तर हा हिशेब. प्रवाह मोठा सोडला तर त्याहून अधिक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये असं करणं शोभत नाही. त्यापेक्षा मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून, एअर कूलरमध्ये असतो तसला छोटा बुडीत पंप टाकून तेच पाणी फिरवा. त्यातही ड्रम किती मोठा, हे महत्त्वाचं. ३० लिटरची बादली एका लिटर अर्काने २० अंशांनी तापते. उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीत असतं, ते पन्नाशीला पोचलं की नळीच्या तोंडातून अर्काबरोबर वाफही येऊ लागते, आणि सगळ्यात सुगंधी भाग त्या वाफेबरोबर खोलीत उडून जातो. घरभर सुंदर वास सुटला आहे याचा अर्थ बाटलीत तो तेवढा कमी आला आहे. ६० लिटरचा ड्रम असेल तर तेच पाणी १० अंशांनीच तापेल. नंतर ते फरशी पुसायला, झाडांना घालायला वापरता येतं.

वेटोळं घेणार असाल तर नळी बाहेरून ८ ते १० मिलिमीटर जाडीची आणि दोन मीटर तरी लांब हवी. विक्रेत्याला लांबी विचारा. बहुतेक जाहिरातींत भांड्याचे लिटर ठळक असतात आणि नळीची लांबी कुठेच नसते. ही नळी वरून खालपर्यंत सलग उताराची असावी. मध्ये कुठे खोलगट झोळ पडला की तिथे पाणी साचतं, वाफ अडते, आत दाब वाढतो आणि मग अर्क पिचकारीसारखा उडतो.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचे अत्तरवाले शतकानुशतकं हेच सांभाळत आले आहेत. तिथे तांब्याची देग, म्हणजे उकळायचं भांडं, भट्टीवर असते, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती धरणाऱ्या भांड्यात उतरते, आणि भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. कारागिराचं निम्मं लक्ष त्या हौदाकडे असतं. गोव्यात जुन्या काजूभट्टीवर भाणातली (उकळायच्या भांड्यातली) वाफ लावणीत (वाफ धरणाऱ्या भांड्यात) यायची आणि लावणीवर सतत पाणी ओतत बसायला माणूस लागायचा. आता बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्याने त्याची सुटका केली आहे.

पायरी ४: भांड्याचा आकार

नुसतं गुलाबपाणी हवं असेल तर ५ लिटरचं पुरतं. तेल डोळ्यांनी बघायचं असेल तर १० ते १२ लिटरचं घ्या, कारण एक किलो चिरलेली गवती चहाची पात चार-सहा लिटर जागा खाते, खाली पाणी हवं आणि वर वाफेला मोकळी जागा. भांडं दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरायचं नाही. २० लिटरच्या पुढचं यंत्र पहिल्या वर्षी नको. ते उचलून ओतायला दोन माणसं लागतात, आणि तेवढा पाला तुम्ही दर आठवड्याला आणणार नाही.

तोंड रुंद असावं, कोपरापर्यंत हात आत जाईल असं. लांब मानेच्या तांब्याच्या सुंदर भांड्यांचा हा मोठा दोष आहे. उकडलेल्या पाकळ्यांचा लगदा त्यातून काढताना जीव मेटाकुटीला येतो.

आत भोकांची ताटली किंवा उचलून काढता येणारी जाळीची टोपली आहे का, ते बघा. पाला तळाला टेकला की करपतो, आणि करपलेला वास अर्कातून काढायचा कुठलाही उपाय नाही. गवती चहा, पुदिना, तुळस यांना खाली पाणी आणि वर जाळीवर पाला अशी रचना उत्तम. गुलाबाच्या पाकळ्या वाफेवर एकमेकींना चिकटून गोळा होतात, त्या पाण्यात मोकळ्या तरंगू द्याव्यात. एक किलो पाकळ्यांना तीन-चार लिटर पाणी.

पायरी ५: धातू

तीनच पर्याय विचारात घ्या: स्टील, तांबं, काच. ॲल्युमिनियम नको. बहुतेक अर्क किंचित आम्ल असतात आणि ते ॲल्युमिनियमला खातात.

नवख्याने ३०४ दर्जाचं स्टील घ्यावं. घासायला सोपं, वास धरत नाही, आणि त्यात काही कळकत नाही. इंडक्शनवर चालवायचं असेल तर तळाला लोहचुंबक लावून बघा. ३०४ स्टीलला चुंबक बहुधा चिकटत नाही, त्यामुळे तळाशी चुंबकीय थर दिलेलं भांडं लागतं. तांबं नेहमीच्या इंडक्शनवर चालतच नाही.

तांब्याची बाजू अशी की ते उष्णता झटकन पसरवतं आणि फुला-पानांतले गंधकाचे उग्र वास शोषून घेतं. उकडलेल्या कोबीसारखा जो वास पहिल्या धारेला कधी कधी येतो, तो तांब्यात कमी होतो. पण तांबं घेतलं की त्याची चाकरी आली. ओलं ठेवलं तर हिरवं चढतं. अर्काला निळसर-हिरवी झाक दिसली तर तो सरळ ओतून टाका. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हाताने ठोकून भांडी घडवतात. तिथून करून घ्यायचं असेल तर वेटोळं स्टीलचं ठेवा आणि नुसतं भांडं तांब्याचं. सांध्यांना शिसं असलेलं सोल्डरिंग चालणार नाही, हे आधी बोलून घ्या. माझ्या बघण्यात आलेल्या बऱ्याच यंत्रांत भांडं उत्तम असतं आणि खोट असते ती या सांध्यांत.

काचेचं यंत्र विद्यार्थ्यांसाठी आणि मोजमापाची आवड असणाऱ्यांसाठी. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं क्लेव्हेंजर उपकरण १९२८ पासून प्रयोगशाळांत आहे. ५०-१०० ग्रॅम माल घालायचा आणि किती तेल निघालं ते खुणा केलेल्या नळीत थेट वाचायचं, पाणी आपोआप परत फ्लास्कमध्ये जातं. कुठल्या शेतातल्या पातीत तेल जास्त, हे बघायला याच्यासारखं साधन नाही. गुलाबपाण्याच्या बाटल्या भरायला मात्र निरुपयोगी. थेट ज्योतीवर ठेवू नका, हीटिंग मँटल, म्हणजे फ्लास्क बसवायची विजेची शेगडी लागते.

पायरी ६: सांधे आणि सुरक्षा

झाकणाची रिंग सिलिकॉनची, खाद्यपदार्थांना चालणारी असावी. साधं रबर आणि पीव्हीसी नळी वाफेच्या वाटेवर नको. पीव्हीसी फक्त थंड पाण्याला. झाकण आवळायला क्लिपा असतील तर वर सुरक्षा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. नसेल तर ते यंत्र दुकानातच राहू द्या. मला स्वतःला जुनी पद्धत आवडते: झाकण नुसतं बसवायचं आणि सांध्याला कणीक लिंपायची. वाफ अडली तर कणीक आधी सुटते, भांडं फुटत नाही.

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडण्याचा जुगाड खूप जण करतात. करणारच असाल तर कुकर स्टीलचा घ्या, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत ठेवा, आणि पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून जाळीवर ठेवा. शिट्टीचं भोक अगदी बारीक असतं. एक पाकळी तिथे अडकली की कुकर पुन्हा कुकर होतो, आणि आता त्याच्यावर शिट्टीही नसते.

नळीचं शेवटचं तोंड नेहमी उघडं. ते बाटलीत घट्ट बसवायचं नाही, अर्कात बुडवायचंही नाही.

पायरी ७: आच

एक लिटर पाण्याची तासाभरात वाफ करायला सव्वासहाशे वॅट लागतात, आजूबाजूला जाणारी उष्णता धरून हजारएक. इंडक्शन दोन हजारावर ठेवलं तर वाफ दुपटीने येते आणि छोटा कंडेन्सर हात टेकतो. उकळी येईपर्यंत आच मोठी, पहिला थेंब पडला की निम्म्याखाली. नळीच्या तोंडाशी बोट लावून बघा: अर्क कोमटाहून गरम लागला तर आच कमी करा किंवा पाणी बदला. वाळ्याला अपवाद. त्याचं तेल दाट असतं, फार थंड केलं तर नळीतच चिकटून बसतं. तिथे अर्क जरा गरम येऊ द्यावा.

पायरी ८: तेल वेगळं कसं करणार, हेही आधीच बघा

गवती चहा, ओवा, निलगिरी यांचं तेल तरंगतं. लवंगेचं बुडतं. वाळ्याचं जवळजवळ पाण्याच्याच वजनाचं, त्यामुळे ते अधांतरी रेंगाळतं. तरंगणाऱ्या तेलाला खाली तोटी असलेलं काचेचं सेपरेटिंग फनेल पुरतं: स्थिर ठेवा, खालचं पाणी सोडा, तेल मागे राहतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनं आणि प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत ते मिळेल. थेंबांनी काढायचा ड्रॉपरही चालतो, फक्त वेळ खातो.

पायरी ९: पहिला घाणा

नवं यंत्र आलं की साबणाने धुवा. मग निम्मं पाणी आणि कपभर व्हिनेगर घालून लिटरभर गाळा, फेकून द्या. पुन्हा नुसतं पाणी गाळा. त्याची चव घेऊन बघा. तेलकट किंवा धातूची चव लागली तर आणखी एकदा. कुठल्या सांध्यातून वाफ जाते तेही याच वेळी कळतं.

नंतर गवती चहा. पात आदल्या दिवशी कापून सावलीत जरा सुकवा, बोटभर तुकडे करा, जाळीवर सैल भरा. खाली तीन-चार लिटर पाणी. ते पूर्ण आटू देऊ नका, अर्क किती आला ते मोजलं की आत किती उरलं ते कळतं. दोनेक लिटर अर्क आला की थांबा.

काचेच्या बाटल्या उकळून कोरड्या करा, त्यांत अर्क भरा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा. गढूळ झाला, तार आली की टाकून द्या. घरचं गुलाबपाणी डोळ्यांत घालायची जुनी सवय आहे, ती मोडावी; हा अर्क निर्जंतुक नसतो. तेल पोटात घ्यायचं नाही आणि लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. निलगिरीचं तेल तर अगदी थोडंसं गिळलं तरी मुलांना धोक्याचं ठरतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला याच यंत्रातलं पाणी चालेल का, असं हमखास विचारलं जातं. तांब्याच्या यंत्रातलं नाही. स्टीलचं यंत्र असलं तरी अर्काचं तेल नळीत राहिलेलं असतं. बॅटरीचं पाणी बाटलीत स्वस्त मिळतं, ते आणा.

प्रत्येक वेळेनंतर वेटोळ्यातून उकळतं पाणी सोडा आणि नळी फुंकून कोरडी करा. वास सिलिकॉनच्या रिंगमध्ये सगळ्यात जास्त मुरतो, म्हणून गुलाबासाठी एक रिंग वेगळी ठेवलेली बरी. ओवा आणि लवंग यांच्यानंतर धुण्याचा सोडा घालून पाणी उकळावं लागतं. पण हा सोडा स्टीललाच, ॲल्युमिनियमच्या झाकणाला लागला तर ते काळं पडतं. वाळा मात्र हंगामाच्या शेवटी गाळा, कारण त्यानंतरच्या दोन-तीन घाण्यांना तरी त्याचा वास येतोच.